कापसाचं अनुदान खात्यात आलं नाही? या चुका टाळा

२०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्य सरकारने हेक्टरी ५,००० रुपये जाहीर केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ०.२० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १,००० रुपये. वाटप २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झालं आणि एकाच बांधाच्या अलीकडच्याला पैसे आले, पलीकडचा बँकेच्या चकरा मारत राहिला. असं पुढच्या योजनेत होऊ नये म्हणून कुठे काय अडतं ते पाहू.

सगळ्यात जास्त घोळ आधारचा. ‘माझं आधार लिंक आहे’ असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो आणि ते खोटंही नसतं. पण खात्याला आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी, ते सीड होणं (त्या बँकेशी नोंदलं जाणं) वेगळं. एका माणसाची पाच खाती असू शकतात, पण सरकारी पैसा जातो तो ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं तिथेच. कुणीतरी सिमकार्ड घेताना नकळत पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, अनुदान तिकडे जाऊन पडतं आणि आपण जिल्हा बँकेत पासबुक भरून घेत बसतो. म्हणून कृषी कार्यालयात भांडायला जाण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा, तिथे बँकेचं नाव दिसतं. ती चुकीची असेल किंवा ‘निष्क्रिय’ दिसत असेल, तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटी सीडिंगचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. नुसती आधारची झेरॉक्स देऊन भागत नाही.

दुसरी चूक शेतातली. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून पिकाची नोंद, ‘करू नंतर’ म्हणत राहून जाते आणि मुदत संपते. २०२३ च्या वेळी सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांना नंतर सामावून घेतलं, पण दर वेळी अशी सूट मिळेल या भरवशावर राहू नका. कापसात तुरीच्या ओळी असतील तर मिश्र पीक म्हणूनच नोंदवा. नुसती तूर भरली, तर सातबाऱ्यावर कापूस दिसणारच नाही. आणि जमिनीचे गट नंबर दोन असतील तर पाहणीही दोनदा, हे बरेच जण विसरतात.

जमीन सामाईक खात्यावर असेल तर बाकीच्या खातेदारांचं ना हरकत पत्र लागतं. भाऊ पुण्यात असेल, बहीण सासरी असेल, तर सह्या गोळा करायलाच पंधरा दिवस जातात. तेव्हा लाभार्थ्यांची यादी लागायची वाट बघू नका. सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारस नोंद. त्याला पळवाट नाही.

नावाचंही बघा. सातबाऱ्यावर ‘ज्ञानोबा’, आधारवर ‘ज्ञानेश्वर’, एवढ्यावरही पडताळणी अडते.

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) लागतो. तो काढलाय म्हणून निश्चिंत होऊ नका, सगळे गट त्यात जोडले गेलेत का ते उघडून बघा. नवरा-बायकोच्या नावावर वेगवेगळी जमीन असेल तर आयडीही दोघांचे वेगळे काढावे लागतात.

आणि पैसे आले तरी हातात पडत नाहीत, हा प्रकार वेगळाच. थकीत पीककर्जामुळे बँक खातं होल्डवर टाकते. अशा वेळी तोंडी विनवणी करण्यापेक्षा शाखेला लेखी अर्ज द्या, प्रत जवळ ठेवा, आणि त्याच अर्जाची एक प्रत तालुका कृषी कार्यालयात देऊन तिथलाही शिक्का घ्या.