‘लुक फॉरवर्ड टू’ वापरताना या चुका टाळा

नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र. चारही परिच्छेद नेटके, स्पेलिंग बिनचूक, आणि शेवटची ओळ: ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे अशी पत्रं तपासायला माझ्याकडे सतत येतात. बाकी कुठे लाल शाई लागो न लागो, या ओळीवर हमखास लागते. ‘मीट’ खोडून मी वर ‘मीटिंग’ लिहिते आणि समोरून दर वेळी तोच प्रश्न येतो: “मॅडम, ‘टू’नंतर मूळ क्रियापद येतं ना? शाळेत तर तसंच शिकवलंय.”

शिकवलंय ते खोटं नाही. फक्त इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत, एवढं सांगायचं राहून गेलं. गंमत म्हणजे हा फरक मराठी माणसाच्या कानात लहानपणापासून पक्का बसलेला असतो. तो इंग्रजीशी जोडून कुणी दाखवलेला नसतो, इतकंच.

पहिला ‘टू’ पाहू. ‘मला तुला भेटायचंय’ हे इंग्रजीत ‘आय वाँट टू मीट यू’. ‘मी तुला भेटायला आलो’ हे ‘आय केम टू मीट यू’. हा ‘टू’ क्रियापदाला चिकटून येतो. मराठीत त्याचं काम ‘भेटायला’मधलं ‘-यला’ किंवा ‘भेटायचं’मधलं ‘-यचं’ करतं. इथे मूळ क्रियापदच हवं.

दुसरा ‘टू’ म्हणजे आपलं ‘कडे’. ‘लुक फॉरवर्ड टू’ शब्दशः उलगडलं तर पाहणे, पुढे, कडे. पुढे येणाऱ्या चांगल्या गोष्टीकडे डोळे लावून बसणे. आता ‘कडे’ मराठीत कसं लागतं ते आठवा. घराकडे, सुट्टीकडे, परीक्षेकडे. नामाला ते सरळ लागतं. क्रियापदाला लावायची वेळ आली की आपण ‘जाकडे’, ‘बोलकडे’ म्हणत नाही. ‘जाण्याकडे’, ‘बोलण्याकडे’ म्हणतो. आधी क्रियापदाचं नाम करतो, मग त्याचं सामान्यरूप, आणि मगच ‘कडे’. इंग्रजीही नेमकं हेच करते. ‘मीट’चं ‘भेटण्या-’ झालेलं रूप म्हणजे ‘मीटिंग’. म्हणून ‘तुम्हाला भेटण्याकडे डोळे लागलेत’ याचं इंग्रजी ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘टू मीट यू’ लिहिणं म्हणजे ‘बोलकडे’ म्हणण्यासारखं आहे.

हे एकदा लक्षात आलं की बरीच वाक्यं आपोआप सुटतात. ‘तुमच्या येण्याकडे’ म्हणायचंय? ‘टू युवर कमिंग’. बोलताना ‘टू यू कमिंग’ही चालतं, पण ‘टू यू कम’ चालत नाही. ‘तुमच्याकडून कळण्याकडे’ म्हणायचंय? ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’. क्रियापद ‘बी’ असेल तर त्याचं ‘बीइंग’ होतं: ‘टू बीइंग पार्ट ऑफ द टीम’. इथे ‘टू बी पार्ट ऑफ द टीम’ लिहिणारे फार दिसतात, कारण ‘टू बी’ ही जोडी जिभेवर बसलेली असते.

तरीही शंका आली तर एक चाचणी करून पाहा. ‘टू’च्या पुढचं क्रियापद उचला आणि तिथे एखादं साधं नाम ठेवा, समजा ‘द ट्रिप’. ‘आय लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ हे वाक्य उभं राहतं. ‘आय वाँट टू द ट्रिप’ कोसळतं. जिथे नाम बसतं तिथला ‘टू’ बहुधा ‘कडे’, आणि त्याच्यापुढे क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ लावायचं.

ही चाचणी मी मुद्दाम सांगते, कारण ती दुसऱ्या एका जुन्या दुखण्यावरही चालते. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचो. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठण्याची सवय आहे. दुसऱ्या वाक्यात ‘यूज्ड टू’पुढे नाम ठेवता येतं: ‘आय ॲम यूज्ड टू द नॉइज’. पहिल्या वाक्यात ते बसत नाही. ‘ऑब्जेक्ट टू’चंही तसंच: ‘आय ऑब्जेक्ट टू पेइंग ट्वाइस’, ‘टू पे’ नव्हे.

दोन ‘आयएनजी’ची भीती

काही जणांना नियम कळतो, पण हात अडखळतो. ‘लुकिंग’ आलंच आहे, मग पुन्हा ‘मीटिंग’ कसं? एका वाक्यात दोनदा चालू काळ? ‘आयएनजी’ म्हणजे क्रिया चालू आहे, हे समीकरण मनात इतकं घट्ट झालेलं असतं की दुसरं ‘आयएनजी’ चूकच वाटतं. पण इथलं ‘मीटिंग’ चालू काळाचं नाही, ते नाम आहे. ‘स्विमिंग इज गुड फॉर यू’ या वाक्यात कुणी पोहत असायची गरज नसते, तसंच.

याच भीतीतून ‘आय ॲम लुक फॉरवर्ड’ आणि ‘आय लुकिंग फॉरवर्ड’ अशी अर्धवट रूपं जन्मतात. दोन्ही चूक. ‘आय लुक’ तरी म्हणा, नाहीतर ‘आय ॲम लुकिंग’ तरी. कोणतं निवडायचं हा चूक-बरोबरचा प्रश्न नाही. औपचारिक पत्रात ‘आय लुक फॉरवर्ड’ शोभतं, ओळखीच्या माणसाला ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ जास्त जवळचं वाटतं. कर्ता गाळून नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ हेही रुळलेलं आहे, पण जिथे आपण ‘स. न. वि. वि.’ लिहिलं असतं अशा पत्रात मी ते टाळते. आणि मेलच्या शेवटी नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड’ लिहून थांबू नका. कशाकडे, ते वाचणाऱ्याला कळू द्या.

‘वाट पाहणे’चं सावट

‘तुमच्या उत्तराची वाट पाहतोय’ हे मनात घोळत असतं, ‘वेट फॉर’ तोंडात असतं, आणि कागदावर उतरतं ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय’. इथे ‘फॉर’ची जागाच नाही. ‘लुकिंग फॉरवर्ड युवर रिप्लाय’ असा ‘टू’ गाळलेला प्रकारही सर्रास दिसतो, तोही चूक. तसंच ‘आय लुक फॉरवर्ड दॅट यू विल कम’ होत नाही, तिथे ‘आय होप दॅट’ वापरा. प्रश्नात तर ‘टू’ हमखास गळतो, कारण मराठीत ‘कडे’ प्रश्नार्थक शब्दालाच चिकटून पुढे येतं: ‘कशाकडे डोळे लावून बसलायस?’ इंग्रजीत ते एकटं मागे राहतं: ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?’

पण शब्दयोगी अव्ययापेक्षा मोठी चूक अर्थाची आहे. ‘वाट पाहणे’ कोरडं असू शकतं. बसची वाट पाहतो, रांगेत नंबरची वाट पाहतो. ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये आनंद गृहीत आहे. म्हणून बसस्टॉपवर उभं राहून ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू द बस’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला नवल वाटेल. शस्त्रक्रियेच्या तारखेबद्दल हे शब्द वापरले तर तो गोंधळेल. आणि शोकसभेला येत असल्याचं कळवताना ‘आय लुक फॉरवर्ड टू अटेंडिंग’ लिहिलं तर समोरच्याच्या मनाला लागेल. लिहिणाऱ्याला फक्त ‘मी नक्की येतो’ म्हणायचं असतं. अशा वेळी ‘आय विल बी देअर’ हे तीनचार साधे शब्द पुरतात. त्यांत खोट नाही आणि सहानुभूतीही आहे. ही चूक व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसेलच असं नाही, कारण वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं. म्हणून मला ती ‘टू मीट’पेक्षा जास्त जपावीशी वाटते.

नकाराचंही नीट बघा. ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द इंटरव्ह्यू’ याचा अर्थ ‘मी मुलाखतीची वाट पाहत नाही’ असा होत नाही. ‘मुलाखतीच्या विचारानेच नको वाटतंय’ असा होतो. ‘उत्तराची घाई नाही’ असं कुणाला कळवायचं असेल तर ‘देअर इज नो हरी’ म्हणा. ‘आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ लिहिलंत तर तो माणूस दुखावेल, आणि का दुखावला ते तुम्हाला कळणारही नाही.

स्पेलिंगचं एवढंच: पुस्तकाच्या प्रस्तावनेला ‘फोरवर्ड’ म्हणतात, तो शब्द वेगळा. त्याच्या शेवटी शब्द या अर्थाचा ‘वर्ड’ असतो. आपल्याला हवा तो ‘फॉरवर्ड’ मेल पुढे पाठवताना ज्या बटणावर दिसतो तोच.

भूतकाळ वापरताना सांभाळा

‘आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण वाचणाऱ्याला ते बहुधा ‘पण आता भेट होणार नाही’ असं सुचवतं. सहल रद्द झाली, पाहुणे यायचे राहिले, सामना पावसात वाहून गेला, की माणूस म्हणतो, ‘आय वॉज रिअली लुकिंग फॉरवर्ड टू इट’. त्यात हिरमोड आहे. नम्रपणा वाढवायचा म्हणून ‘वॉज’ वापरण्याची सवय आपल्याकडे आहे, ‘विचारायचं होतं’ म्हणतो तसं. पण इथे ती उलटते. एका मुलाने मुलाखतीच्या आदल्या दिवशी पाठवायच्या मेलमध्ये हे वाक्य लिहिलं होतं. वाचणाऱ्याला तो येणार नाही असंच वाटलं असतं. पाठवण्याआधी त्याने मला मेल दाखवला, ‘वॉज’ खोडून ‘ॲम’ केलं, आणि पुढच्या ओळीत मुलाखतीची वेळ पुन्हा लिहिली.