परड्यातील वर्कशॉप: आकार कसा ठरवावा आणि खर्च कसा मांडावा

घरामागच्या परड्यात स्वतःचे वर्कशॉप बांधायचे मनात आले, की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो दराचा: शेडला चौरस फुटाला काय पडते? कोल्हापुरात या प्रश्नाचे उत्तर उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कोणताही फॅब्रिकेटर उभ्या उभ्या देतो. परंतु त्याच्या डोक्यातला दर बहुधा तीन-चार हजार चौरस फुटांच्या कारखान्याचा असतो आणि तो दर आपल्या लहान शेडला गुणला, की अंदाज पहिल्याच दिवशी चुकतो. याचे कारण साध्या गणितात आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे क्षेत्रफळ 120 चौरस फूट आणि चारी भिंतींची लांबी 44 फूट होते. पंधरा बाय वीस फुटांच्या खोलीचे क्षेत्रफळ 300 चौरस फूट, म्हणजे अडीच पट होते, पण भिंतींची लांबी 70 फूट, म्हणजे जेमतेम 1.6 पट होते. दरवाजा, वीजजोडणी, अर्थिंग आणि मिस्त्रीची ये-जा हा खर्च तर दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून शेड जितके लहान, तितका चौरस फुटाचा दर जास्त पडतो, आणि शेजाऱ्याच्या मोठ्या शेडचा दर आपल्या कागदावर उतरवून घेणे हे फसवे ठरते.

दर बाजूला ठेवून आधी आकार ठरवावा, आणि तो यंत्रांवरून व मालाच्या लांबीवरून ठरवावा. सहा फुटी लेथ म्हटला की सहा फूट ही त्याच्या बेडची लांबी असते. हँडल, मोटार आणि गिअरबॉक्सचे उघडणारे झाकण धरून त्याला प्रत्यक्षात त्याहून जास्त जागा लागते. पुढे कारागिराला उभे राहून मागे सरकायला किमान तीन फूट आणि मागे साफसफाईला दीड-दोन फूट सोडावे लागतात. हेडस्टॉकमधून, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या डोक्यातून, आरपार बार घालून काम करणार असाल, तर त्या बाजूला बारच्या लांबीइतकी मोकळीक हवी. सुतारकाम करणाऱ्याचे माप वेगळे असते. प्लायवूडचा पूर्ण ताव आठ बाय चार फुटांचा येतो. तो टेबल करवतीवर लांबीत चिरायचा, तर पात्याच्या पुढे आठ आणि मागे आठ फूट लागतात, म्हणजे खोलीची एक बाजू अठरा फुटांहून कमी असून चालत नाही.

फॅब्रिकेशन करणाऱ्याला आणखी एक अडचण येते. लोखंडी पाइप आणि अँगल बाजारात सहा मीटरच्या, म्हणजे सुमारे वीस फुटांच्या लांबीत मिळतात. केवळ तेवढ्यासाठी खोली पंचवीस फुटांची करण्याऐवजी कटिंग मशीनच्या रेषेत, त्याच उंचीवर भिंतीत फूटभर चौकोनी झडप ठेवावी. पाइप बाहेरून आत सरकवता येतो, तुकडा तोडता येतो, आणि उरलेली लांबी पावसापुरती वळचणीला ठेवता येते. या एका झडपेने शेडची लांबी चार-पाच फुटांनी कमी झालेली मी पाहिली आहे.

यंत्रांची मापे हाती आली की कागदावर चौकोन काढत बसण्यापेक्षा परड्यात उतरावे. चार खुंट्या ठोकाव्यात, दोरी बांधावी आणि खऱ्या मापात फक्की मारावी: बाहेरची भिंत, दरवाजा, लेथ, ड्रिल, ग्राइंडर, शेगडा (व्हाइस) लावायचे टेबल. काटकोन तीन-चार-पाचच्या हिशेबाने तपासावा; एका बाजूला सहा फूट, दुसऱ्या बाजूला आठ फूट मोजून तिरकी लांबी बरोबर दहा फूट आली पाहिजे. मग हातात खरोखरच आठ फुटी फळी घेऊन त्या फक्कीच्या दरवाजातून आत जावे, लेथच्या जागेपाशी वळावे, टेबलाकडे जावे. फळीचे टोक कुठे आपटते ते दहा मिनिटांत कळते. मी हे केले तेव्हा ग्राइंडरच्या ठिणग्या थेट लाकूड ठेवायच्या कोपऱ्यावर पडणार, हे प्रथमच लक्षात आले. नकाशावर ते महिनाभर दिसले नव्हते.

रुंदी आणि लांबी यांत निवड करायची असेल, तर लांबी वाढवावी. रुंदी वाढली की कैची, म्हणजे छपराचा तिकोनी लोखंडी सांगाडा, मोठी होते, तिचे पाइप जाड घ्यावे लागतात आणि लोखंडाचे वजन झपाट्याने चढते. लांबी वाढवायची तर त्याच मापाची आणखी एक कैची आणि पत्रा ज्यांवर बसतो त्या चार आडव्या पट्ट्या, म्हणजे पर्लिन, लागतात. पण फार अरुंदही करू नये. दहा बाय तीस आणि पंधरा बाय वीस यांचे क्षेत्रफळ एकच असले तरी पहिल्याला भिंत दहा फूट जास्त लागते, आणि दहा फुटांत दोन्ही बाजूंना यंत्रे मांडली की मधे चालायला जागा उरत नाही. घरगुती कामाला बारा ते पंधरा फूट रुंदी मला सर्वांत सोयीची वाटते. पत्र्याची कमी बाजूची उंची दहा फुटांखाली घेऊ नये, आणि वजन उचलायचा चैन ब्लॉक लावायचा असेल तर बारा फूट धरावी. रोलिंग शटरचा ड्रम वर फूट-सव्वा फूट खातो आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रुंदीतून काही इंच घेतात. शटरचे माप देताना बांधकामाचे माप नव्हे, तर मोकळे मिळणारे माप लिहून द्यावे.

खर्चाकडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली परवानगीची. पत्र्याचे शेड म्हणजे तात्पुरते काम, त्याला कोण विचारतो, असा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्रात 2020 पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत प्लॉटच्या भोवती सोडायची मोकळी जागा आणि रहिवासी भागात चालणारे व्यवसाय यांचे नियम आहेत. शहरात महापालिकेच्या नगररचना विभागात आणि शहराला लागून असलेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणातील गावांत प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आपल्या प्लॉटपुरते उत्तर लेखी घ्यावे. आवाजाची मर्यादाही ध्यानात ठेवावी: रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल. ग्राइंडर त्याच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून तो शेजाऱ्याच्या कुंपणापासून लांबच्या भिंतीला लावावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, आणि 2019 व 2021 या दोन्ही वर्षी पाणी त्याच्या पुष्कळ वर गेले. नदीच्या अंगाला घर असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहावी, आणि त्या दोन पुरांत आपल्या परड्यात पाणी कुठवर आले होते ते भिंतीवरच्या खुणेवरून मोजावे. चौथरा त्या खुणेच्या वर नेणे शक्य नसेल, तर निदान मोटारी, स्टार्टर आणि वीजबोर्ड तरी त्या उंचीच्या वर बसवावेत.

आता खर्च. माझ्या मते अंदाज पैशांत नव्हे, आधी मालात मांडावा. दर हंगामागणिक बदलतात, माल बदलत नाही. पंधरा बाय वीसचे उदाहरण घेऊ. चार इंच जाडीची काँक्रीटची जमीन म्हणजे बरोबर 100 घनफूट, एक ब्रास. एकास दीडास तीन या प्रमाणाने त्याला सुमारे 22 ते 23 पोती सिमेंट, 0.42 ब्रास वाळू आणि 0.84 ब्रास खडी लागते. खाली नऊ इंच दगडी सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, केले तर सव्वादोन ब्रास दगड, आणि चौथरा दीड फूट उचलला तर साडेचार ब्रास भराव. धुम्मस मारल्यावर मुरूम बसतो, म्हणून साडेपाच ब्रास धरावा. लेथसारख्या टनभर वजनाच्या यंत्राखाली जमीन सहा इंच करावी.

मात्र जमिनीच्या आत काय आहे, यावर हा सगळा हिशेब हलतो. नदीकाठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. तीत मुरूम लागेपर्यंत खाली गेल्याशिवाय खांबाचा पाया घेऊ नये. माळावरच्या भागात दोन-तीन फुटांतच मुरूम लागतो. म्हणून कोटेशन मागवण्याआधी एका कोपऱ्यात हजेरीवर माणूस लावून खड्डा खणून पाहावा. त्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीत पुढचा सर्वांत मोठा अनपेक्षित खर्च उघडा पडतो.

छपराचे क्षेत्रफळ जमिनीपेक्षा नेहमी मोठे असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पंधरा बाय वीसला चारही बाजूंनी दीड फूट पत्रा बाहेर काढला, तर माप अठरा बाय तेवीस, म्हणजे 414 चौरस फूट होते आणि उतार धरून सव्वाचारशेच्या घरात जाते. एक जण जमिनीवर दर सांगतो, दुसरा पत्र्यावर सांगतो आणि आपण दोन न जुळणाऱ्या आकड्यांची तुलना करत बसतो. पत्रा बाहेर काढण्यात मात्र काटकसर करू नये. आपल्याकडचा मुख्य पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो. माझ्या शेडचा दरवाजा मी सोयीसाठी पश्चिमेला ठेवला होता, आणि पहिल्याच जूनमध्ये लेथच्या बेडवर तांबूस गंजाची पुटी बसली. पुढे दरवाजावर चार फुटांचा पडवीसारखा पत्रा वाढवावा लागला, तो सुरुवातीलाच धरला असता तर निम्म्या खर्चात झाला असता. शक्य तर दरवाजा पूर्वेला आणि खिडक्या उत्तरेला घ्याव्यात; उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर या छपरावरून सुमारे 1,900 लिटर पाणी उतरते. त्याला पन्हळ आणि बाहेर नेणारी गटार नसेल, तर ते थेट आपल्याच शेडच्या पायात मुरते.

लोखंडाचे कोटेशन नेहमी किलोवर घ्यावे आणि त्यात पाइपची जाडी लिहून घ्यावी. पन्नास मिलिमीटरचा चौकोनी पाइप दोन मिलिमीटर जाडीचा असेल तर सहा मीटरचे वजन सुमारे 18 किलो भरते; 1.6 मिलिमीटरचा असेल तर साडेचौदा किलो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. उक्त्या दरात ही साडेतीन किलो कुठे गेली ते कधीच कळत नाही, म्हणून माल उतरताना एक पाइप तोलून पाहावा. खांब बेस प्लेटवर, म्हणजे खांबाच्या बुडाच्या लोखंडी पाटीवर, आणि काँक्रीटमध्ये गाडलेल्या बोल्टवर उभे करावेत. एप्रिल-मेमधला वळीव पत्रा खाली दाबत नाही, वर उचलतो, आणि हलक्या शेडला खरा धोका त्या उचलण्याचा असतो.

वीज शेवटी आठवते, पण तिची पाइपलाइन काँक्रीटच्या आधी जमिनीत पडावी लागते. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, म्हणजे तीन अश्वशक्तीच्या मोटारीला सव्वादोन किलोवॅट; आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. घराच्या सिंगल फेजवर हे झेपणार का, की महावितरणकडे थ्री फेजचा अर्ज करावा लागेल, हे आधी ठरवावे. व्यवसायासाठी काम करणार असाल तर घरगुती मीटर चालेल का, हे महावितरणकडे आधी विचारून घ्यावे.

शेवटची बाब कोटेशनमध्ये कधीच नसते, ती म्हणजे घराच्या बाजूचा बोळ. तो तीन-चार फुटांचा असेल, तर डंपर रस्त्यावरच रिकामा होतो आणि साडेपाच ब्रास मुरूम पाट्यांनी आत जातो. त्या वाहतुकीची मजुरी वेगळी मागून घ्यावी, कैची बोल्टने जोडता येईल अशा दोन तुकड्यांत करवून घ्यावी, आणि लेथ त्या बोळातून पाइपांवर सरकवत नेता येतो का ते टेपने मोजावे. बोळाचे वळण आडवे येत असेल तर यंत्र आधी आत आणून, झाकून ठेवून, मग त्या बाजूची भिंत उचलावी लागते.

हे सारे मांडून झाल्यावर एकूण रकमेवर किमान दहा टक्के, आणि काळी जमीन असेल तर पंधरा टक्के जास्त धरावेत. काम दिवाळीनंतर काढावे आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पत्रा पडलेला असावा. पैसे टप्प्याने द्यावेत: इसार, चौथरा झाल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, पत्रा पडल्यावर. एकूण रकमेचा दहावा हिस्सा मागे ठेवावा, आणि तसे कोटेशनवर आधीच लिहून घ्यावे, की तो पहिला जोराचा वळीव होऊन गेल्यावर, मिस्त्रीला सोबत घेऊन प्रत्येक स्क्रूखाली हात फिरवून पाहिल्यावरच दिला जाईल.