परदेशी शिकायला जायचे की नाही: आधी परतीचा हिशोब मांडा

पदवीचा निकाल लागला की सांगलीत रविवारी सकाळी माझ्याकडे मुले येऊ लागतात. बहुतेक इंजिनिअर झालेली, काही बी.एस्सी., एखादा बी.कॉम.; सोबत वडील आणि वडिलांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. बारा-तेरा वर्षे हा शिरस्ता चालू आहे आणि प्रश्नही तोच आहे: "सर, पाठवावे का?" या प्रश्नावर बाजारात दोन उत्तरे तयार मिळतात. एक म्हणजे "कर्जाचे काय एवढे, तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत फिटते" आणि दुसरे म्हणजे "आपल्या मातीत राहूनही पुष्कळ करता येते". ही दोन्ही उत्तरे देणाऱ्यांपैकी कोणालाही पुढे हप्ता भरावा लागत नाही. मोफत सल्ला देणाऱ्या केंद्रांविषयी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे की, त्यांतील बहुतेकांना प्रवेशामागे परदेशी विद्यापीठाकडून दलाली मिळते. तेथे 'जाऊ नका' हे उत्तर मिळण्याची आशा करू नये.

पासपोर्ट काढलेला आहे, सगळे विषय सुटलेले आहेत आणि इंग्रजीची परीक्षा देण्याची तयारी आहे, हे मी गृहीत धरतो.

पहिली पायरी: कारण एका वाक्यात लिहा

आपण का जाणार, हे 'स्कोप', 'एक्स्पोजर' आणि 'सेटल' हे तीन शब्द न वापरता एका वाक्यात लिहावे. लिहिता आले नाही तर वर्ष-दोन वर्षे पुण्यात नोकरी करावी. त्या काळात वाक्य आपोआप सुचते किंवा जाण्याची गरज उरत नाही.

दुसरी पायरी: देश निवडताना पदवीनंतरचा नियम वाचा

विद्यापीठाचा क्रमांक पाहून देश निवडण्याची पद्धत मला मान्य नाही. पदवी हातात पडल्यानंतर त्या देशात किती काळ राहून नोकरी शोधता येते, हे आधी पाहावे. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणानंतर दोन वर्षे मिळतात. परंतु १ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळणार आहेत. जर्मनीत अठरा महिने मिळतात आणि तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते. मात्र वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच गोठवलेल्या, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या, खात्यात दाखवावे लागतात, शिवाय जर्मन भाषा येत नसेल तर नोकरीची दारे निम्मी बंद समजावीत. अमेरिकेत बारा महिने मिळतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित या शाखांना आणखी चोवीस मिळू शकतात. परंतु त्या पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही आणि पुढे नोकरीत राहण्यासाठी लागणारा एच-वन-बी व्हिसा वर्षाला ८५,००० जागांच्या सोडतीत अडकलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये याच व्हिसाच्या नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलरचे शुल्क अचानक जाहीर झाले, तेव्हा आमच्या ओळखीच्या तीन घरांत रात्रभर फोन चालू होते. सांगायचे एवढेच की, आपण अर्ज करतो तेव्हाचा नियम पदवी मिळेपर्यंत टिकेल, असे धरून चालू नये. तो त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचावा, कोणाच्या व्हिडिओतून ऐकू नये.

तिसरी पायरी: परतीचा हिशोब

सगळे अडते ते येथे, आणि मीही येथेच अडलो होतो. मुले आणि पालक जाण्याचा हिशोब मांडतात: शुल्क किती, विमान किती, घरभाडे किती, तिकडचा पगार किती. मी सांगतो तो हिशोब उलटा आहे. शिक्षण पूर्ण झाले, तेथे नोकरी लागली नाही, व्हिसाची मुदत संपली आणि तुम्ही दोन बॅगा घेऊन पुन्हा सांगलीच्या एस.टी. स्थानकावर उतरलात, असे समजा. त्या दिवसापासून दरमहा किती रुपये द्यायचे आहेत आणि ते कोण देणार आहे? एवढे एक पान भरले की जावे की न जावे, हे बहुधा त्या पानावरच दिसते.

आकडे घेऊन पाहू. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तीस लाखांचे कर्ज, व्याज अकरा टक्के. बहुतेक सरकारी बँका अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता मागत नाहीत. या सवलतीला पालक व्याजमाफी समजतात. व्याज पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून धावत असते. दर सत्राला थोडी थोडी रक्कम उचलली, तरी हप्ते सुरू होईपर्यंत सुमारे साडेसात लाख व्याज साचते आणि कर्ज साडेसदतीस लाखांच्या घरात जाते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण साडेएक्कावन्न हजार, पंधरा वर्षांत फेडायचे तर साडेबेचाळीस हजार. आता या आकड्याशेजारी पुण्यातल्या सुरुवातीच्या नोकरीचा पगार लिहा. तुमच्या वर्गातल्या ज्यांना यंदा नोकरी लागली, त्यांना विचारून खरा आकडा लिहा, जाहिरातीतला नको. आमच्या भागातील मुले तो पंचवीस ते पस्तीस हजार सांगतात. म्हणजे सगळा पगार बँकेत भरला तरी हप्ता पुरा होत नाही, आणि मुलाला पुण्यात खोली घेऊन जेवायचेही असते.

यात रुपयाची घसरण धरलेली नाही. २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळीस रुपयांच्या आत होता, २०२५ संपता संपता त्याने नव्वदी ओलांडली. शुल्क डॉलरमध्ये आणि कर्ज रुपयांत मंजूर झालेले असते. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या शुल्काच्या वेळी रक्कम कमी पडते आणि ती पतसंस्थेकडून चढ्या व्याजाने उभी केली जाते. दुसऱ्या वर्षाचा आकडा आजच्या दराने कधीही लिहू नये. मी त्यावर सात टक्के चढवून लिहायला लावतो.

तारणाविषयी लिहिताना मला माझी गोष्ट सांगावी लागेल. परदेशी शिक्षणाच्या कर्जाची रक्कम साडेसात लाखांच्या पुढे गेली की सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात आणि शेतजमीन सहसा चालत नाही. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी द्राक्षबाग होती, पण बँकेच्या लेखी तिचा उपयोग नव्हता. उरले गावठाणातले घर. त्या घराचा उतारा काढला तेव्हा त्यावर अजून आजोबांचेच नाव होते. वारस नोंद करून घेण्यात चार महिने गेले आणि नोंद झाल्यावर वडिलांसोबत दोन्ही चुलत्यांची आणि आत्याची नावे लागली. म्हणजे माझ्या शिक्षणासाठी चार जणांच्या सह्या हव्या होत्या.

मोठ्या काकांनी सही केली ती संध्याकाळ मला अजून दिसते. वीज गेलेली होती. काकूंनी चिमणी आणून कागदांजवळ ठेवली, आणि चहाच्या कपाचा गोल डाग पडू नये म्हणून तिने कप उचलून स्वतःच्या मांडीवर धरला. काकांनी चष्मा लावला, पण वाचले काहीच नाही. "कुठं करायची?" एवढेच विचारले. मी बोट ठेवले, त्यांनी सही केली. आपण त्यांना काय मागतो आहोत, हे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते मलाच कळलेले नव्हते.

मी २००८ च्या ऑक्टोबरात ब्रिटनला गेलो. पदवी मिळाली ती पुढच्या वर्षी, ऐन मंदीत. तेव्हाच्या नियमानुसार नोकरीसाठी दोन वर्षे मिळत होती, पण भाडे भरत नोकरी शोधण्याइतके पैसे माझ्याकडे पाच महिन्यांचेच होते. इकडे नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात फुलोऱ्यातल्या बागेची घडकूज झाली. २०१० च्या फेब्रुवारीत मी परत आलो आणि कुपवाडच्या एका कारखान्यात चौदा हजारांवर लागलो. उचललेले कर्ज चौदा लाख होते. हप्ते सुरू झाले तेव्हा ते सतराच्या पुढे गेले होते आणि हप्ता महिन्याला तीस हजारांचा होता. सात वर्षे तो माझा पगार आणि बाग यांनी मिळून भरला. त्या सात वर्षांत धाकट्या काकांना घरातला आपला हिस्सा वेगळा करून हवा होता. घर गहाण असल्यामुळे तो करता आला नाही. ते मला कधी काही बोलले नाहीत, आणि मीही त्यांना विचारण्याचे टाळत राहिलो.

म्हणून मी आता ठामपणे सांगतो की, घर सामाईक असेल तर ज्यांची ज्यांची नावे उताऱ्यावर आहेत, त्यांना परतीच्या हिशोबाचे पान मुलाने स्वतः वाचून दाखवावे. 'हे कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे दहा-बारा वर्षे, घराची वाटणी किंवा विक्री होणार नाही', हे वाक्य त्यात स्पष्ट असावे. ते ऐकून कोणी सही नाकारली तर राग धरू नये. आणि वारस नोंद राहिली असेल तर प्रवेशपत्राची वाट न पाहता आजच तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज द्यावा.

ही बैठक घरीच व्हावी, आई समोर असावी आणि ज्यांचा मुलगा आधीच न्यू जर्सीत आहे ते नातेवाईक त्या दिवशी नसावेत. मुलाने विचारायचे एवढेच: मी रिकाम्या हाताने परत आलो तर पहिली दोन वर्षे हप्ता कोठून भरायचा? वडील बहुधा म्हणतात, "बघू की, तू कशाला काळजी करतोस?" हे उत्तर मी लिहून घेत नाही. आकडा मागावा: भाड्याचे किती, निवृत्तिवेतनाचे किती, दुकानाचे किती. एका घरी वडील असे अर्धा तास बोलत राहिले आणि शेवटी आईने आतून येऊन विचारले, "म्हणजे माझं सोनं मोडायचं, असंच ना?" त्या पानावरचा पहिला खरा आकडा तो होता.

माझा निकष सरळ आहे. परतीनंतरचा हप्ता हा पुण्यातल्या पगाराचा निम्मा भाग आणि घरातून काहीही न विकता निघणारी रक्कम, या दोहोंच्या बेरजेत बसला पाहिजे. बसत असेल तर निःशंक जावे आणि मग कोणी 'कशाला जातोस' म्हटले तरी ऐकू नये. बसत नसेल तर यंदा जाऊ नये. बागायत जमीन विकून, आईचे सोने मोडून किंवा बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव उचलून जाणाऱ्याला मी 'नको' म्हणतो, आणि यावर माझ्याशी भांडून गेलेली घरे बरीच आहेत.

चौथी पायरी: हप्ता कमी करा

हिशोब बसला नाही म्हणून पान फाडू नये. त्यातला खर्चाचा आकडा कसा उतरेल ते पाहावे. तीस लाखांऐवजी बारा लाखांत होणारा देश किंवा अभ्यासक्रम निवडला तर तेच पान जुळते. दोन वर्षे नोकरी केल्याने साठलेली रक्कम जुळते, शिवाय परत आल्यावर अनुभवामुळे पगारही चौपट नाही तरी दीडपट मिळतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज कर्जाच्या अर्जाआधी करावा. ती माहीत नसल्याने कर्ज काढून बसलेला विद्यार्थी मी साताऱ्यात पाहिला आहे.

पाचवी पायरी: परत आलेल्याला भेटा

तेथे स्थिरावलेला माणूस आनंदाने बोलतो. परत आलेला शोधून काढावा लागतो, पण भाडे, थंडीतले काम आणि नाकारलेले अर्ज यांचे आकडे त्याच्याकडेच मिळतात. आमच्या विटा-खानापूर भागातील माणसे सोने-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरली, पण निघालेला पोरगा बहुधा भावकीतल्या किंवा गावच्या कोणाच्या तरी दुकानातच आधी उतरला. ज्या शहरात जायचे तेथील खोलीचे भाडे तुम्हाला नेमके सांगणारा एकही माणूस ओळखीचा नसेल, तर तो मिळेपर्यंत शुल्क भरू नये.

सहावी पायरी: तारीख ठरवा

पुढच्या वर्षी सप्टेंबरला सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाचा निर्णय या दिवाळीपर्यंत घ्यावा आणि दिवाळी पाडव्यानंतर त्यावर घरात चर्चा करू नये.

जायचे ठरले तर त्या पानाच्या दोन प्रती कराव्यात. एक घरच्या कपाटात पासबुकाजवळ राहील, दुसरी सोबत न्यावी. दुसऱ्या वर्षाच्या शुल्काची मागणी आली की दोन्हीकडे ते पान काढून, त्या दिवशीच्या दराने आणि तोवर बदललेल्या नियमाने, हप्त्याचा आकडा पुन्हा लिहावा आणि मगच पैसे पाठवावेत.