मीटर बदलण्याआधी वायर मोजा: बाइकच्या कन्सोलचा बिघाड शोधताना या चुका टाळा

बाइकचा मीटर, म्हणजे स्पीड-पेट्रोल दाखवणारा कन्सोल, बंद पडला की पहिला संशय मीटरवरच जातो आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. मीटर हे शेवटी दाखवण्याचं काम करणारं यंत्र. त्याला बारा व्होल्टचा सप्लाय लागतो, पक्कं अर्थिंग लागतं, आणि काय दाखवायचं ते सेन्सर सांगतात. यातलं एक जरी बिघडलं तरी मीटर गेल्यासारखाच वाटतो. डिजिटल कन्सोल स्वस्त नसतो आणि इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत. म्हणून नवा मीटर मागवायच्या आधी व्होल्टेज मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर हातात घ्या.

बॅटरी न मोजता मीटर उघडणं

सेल्फचं बटण दाबलं की डिस्प्ले विझतो, गाडी सुरू झाली की परत येतो. ही तक्रार मीटरची नाही, बॅटरीची आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. पण एवढ्यावर समाधान मानू नका. मल्टिमीटर बॅटरीला लावलेला ठेवून सेल्फ मारा. आकडा 10 व्होल्टच्या खाली घसरला, तर मीटरमधली चिप रीसेट होऊ शकते. टर्मिनलचे बोल्ट सैल असले तरी असंच होतं, त्यामुळे आधी ते घट्ट करून पुन्हा मोजा.

त्यानंतर इंजिन सुरू करून थोडी रेस द्या. चार्जिंग 13.5 ते 14.5 व्होल्टच्या दरम्यान असायला हवं. 15 च्या वर जात असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, आणि तो तसाच ठेवून नवा मीटर टाकला तर तोही जळू शकतो. चालू गाडीची बॅटरी काढून ‘चार्जिंग येतंय का’ ते बघायची जुनी पद्धत तर कायमची सोडून द्या. बॅटरी निघाली की रेग्युलेटरला आधार उरत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) आणि मीटर दोन्ही धोक्यात येतात. क्रॅश गार्डचं वेल्डिंग गाडीवरच करून घेणार असाल, तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी सोडा आणि ईसीयूचा कपलरही (वायरींचा जोड-प्लग) काढून ठेवा.

बीप वाजला म्हणजे अर्थिंग बरोबर, असं समजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त मीटर या एका चुकीमुळे विनाकारण बदलले जातात. कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का ते, तपासताना मल्टिमीटर अगदी नगण्य करंट सोडतो. वायरमधल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी बीप वाजतो. पण प्रत्यक्ष लोड आला की ती एक तार पुरत नाही.

खरी चाचणी लोडवर करायची. मीटरचा कपलर जोडलेलाच ठेवा. चावी ऑन करा, हेडलाइट आणि इंडिकेटर लावा. मल्टिमीटरची लाल प्रोब (वायरीचं टोकदार टोक) कपलरच्या मागच्या बाजूने अर्थच्या पिनला टेकवा आणि काळी थेट बॅटरीच्या मायनसला. 0.1 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ठीक. 0.3 किंवा त्याहून जास्त आला तर अर्थिंग कुठेतरी अडतंय. सप्लायची बाजूही अशीच बघा: एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरी कपलरच्या सप्लाय पिनवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर वाटेतलं इग्निशन स्विच, फ्यूज बॉक्स आणि प्रत्येक कपलर एकेक करून तपासा.

खराब अर्थिंगची एक खूण नुसत्या डोळ्यांनी कळते. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच तालात हलतो, किंवा हाय बीम टाकला की डिस्प्ले मंदावतो. असं दिसलं की मीटर खोलायचाच नाही, आधी चासीवरचा अर्थचा बोल्ट काढून गंज आणि रंग खरवडा.

आता हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि नजर मीटरवर ठेवा. ठरावीक जागी मीटर लुकलुकला, तर हार्नेस (वायरींचा जुडगा) स्टिअरिंगच्या मानेजवळ तुटलाय. तिथे वायर रोज शेकडो वेळा वाकते. वरचं प्लास्टिक धडधाकट दिसतं, पण आतलं तांबं तुटलेलं असतं. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढा. आत तांबं नसेल त्या जागी वायर जास्तच मऊ लागते आणि रबरासारखी ताणली जाते. प्लास्टिक सोलल्यावर आत काळपट-हिरवी भुकटी निघते. जोड देताना तो वाकणाऱ्या जागेपासून लांब द्या, कारण सोल्डर केलेली वायर ताठ होते आणि वाकत्या जागी पुन्हा तिथेच तुटते. वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, नुसत्या इन्सुलेशन टेपवर भागवू नका.

फ्यूज, टोचणी आणि टेस्ट लॅम्प

10 अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून 20 चा घालणं, किंवा त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, यात फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूज उडतो कारण कुठेतरी शॉर्ट किंवा जास्त लोड आहे. नंतर लावलेले फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर, मोठे हॉर्न आधी सोडून बघा. बऱ्याचदा त्यांची वायर मीटरच्याच इग्निशन फीडला (चावीतून येणाऱ्या सप्लायला) पिळून जोडलेली असते. त्यांना स्वतःचा रिले (जास्त करंटसाठीचा वेगळा स्विच) आणि स्वतःचा फ्यूज हवा.

बल्बवाला टेस्ट लॅम्प जुन्या गाड्यांना चालून जायचा. आताच्या मीटरच्या सिग्नल वायरवर तो लावू नका, तो जास्त करंट ओढतो. वायरमध्ये सुई टोचून बघायची सवयही वाईट. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो.

घड्याळ आणि ट्रिप रोज शून्यावर येत असतील तर मेमरीचा फीड तपासा. बऱ्याच मीटरना दोन सप्लाय असतात, एक चावीतून आणि एक बॅटरीवरून कायमचा. दुसऱ्याचा फ्यूज गेला की बाकी सगळं चालतं, फक्त आठवण राहत नाही.

स्पीड गेला, पेट्रोल चुकलं

केबलवाल्या गाडीत आधी केबल बघा, ही इलेक्ट्रिकलची गोष्टच नाही. सेन्सरवाल्या गाडीत बहुधा तीन वायरी असतात: सप्लाय, अर्थ, सिग्नल. कपलर जोडलेला ठेवून चावी ऑन करा, चाक हाताने सावकाश फिरवा आणि सिग्नल वायरवरचा आकडा बघा. तो शून्य आणि पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये उड्या मारत असेल तर सेन्सर ठीक आहे.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. यातल्या अनेक गाड्यांत स्पीडचा सिग्नल एबीएसच्या चाकावरच्या सेन्सरकडून येतो. त्यामुळे स्पीड बंद आणि एबीएसचा दिवा पेटलेला अशी जोडी दिसली, तर चाकाजवळ जा. दातेरी रिंगमधला चिखल काढा, सेन्सरची वायर घासली आहे का ते बघा. चावी ऑन केल्यावर हा दिवा लागणं आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझणं हे मात्र नॉर्मल आहे.

पेट्रोलचा काटा चुकत असेल तर टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा सेन्सर) आधी तपासा. तो बाहेर काढून, पेट्रोलच्या वाफांपासून लांब, हाताने वरखाली करताना रेझिस्टन्स मोजा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच तुटला किंवा उडी मारली तर फ्लोट युनिट बदला.

एलईडी इंडिकेटर बसवल्यावर चारही एकदम लुकलुकायला लागतात, तेव्हाही मीटर निर्दोष असतो. जुन्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्हींसाठी एकच दिवा असतो आणि तो दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो. त्यातून जाणाऱ्या थोड्या करंटवरही एलईडी पेटतात. दिव्याला दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे पार्ट) लावून स्वतंत्र अर्थ दिला की हा त्रास थांबतो.

पाणी

काचेवर सकाळी धुकं येऊन उन्हात जात असेल तर सोडून द्या. थेंब ओघळत असतील तर पाणी आत शिरलंय. याचं मोठं कारण वॉशिंग सेंटरमधला प्रेशर जेट, तो मीटरपासून लांबच ठेवायला सांगा. आटवण्यासाठी हीट गन लावू नका, काच आणि डिस्प्लेवरची फिल्म दोन्ही बिघडतात. उघडून परत सील करताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका. त्यातलं ॲसिड सर्किटवरचं तांबं खातं. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागा.

कोकणपट्टीत खाऱ्या हवेने कपलरच्या पिना लवकर हिरव्या पडतात. त्यांना सँडपेपर मारला तर वरचा मुलामा निघतो आणि गंज आणखी वेगाने परत येतो. काँटॅक्ट क्लीनर फवारा, सुकू द्या, मग थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

सप्लाय बरोबर, अर्थिंग बरोबर, सिग्नल कपलरपर्यंत पोचतोय, तरीही डिस्प्ले काळा, तेव्हाच मीटर गेला म्हणायचं. जुन्या मीटरवरचं रीडिंग दिसत असेल तर बदलण्याआधी त्याचा फोटो काढा, आणि किती किलोमीटरला मीटर बदलला ते बिलावर आणि सर्व्हिस बुकात लिहून घ्या.