लकव्यानंतर कामावर रुजू होण्याआधी

फिटनेस सर्टिफिकेट हातात पडलं की घरातले विचारतात, "मग, सोमवारपासून जायचं?" जरा थांबा. हात उचलला जातो, चालता येतं, इतकं त्या कागदावरून कळतं. अख्खा दिवस निभेल का, ते अजून बघायचंय.

ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या आमच्यासारख्यांकडे, येताना रिपोर्टच्या फायलीसोबत वहीचं एक पान आणा. त्यावर कामाचा एक पूर्ण दिवस लिहा: उठायची वेळ, बस की लोकल, जिने किती, खुर्ची कशी, उचलायचं काय, ऑफिसातला संडास भारतीय की कमोड. हे शेवटचं कुणी सांगत नाही, आणि पुष्कळदा गाडी तिथेच अडते. ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९५० साली सुरू झालं, तरी अजून पेशंट आमच्याकडे फार उशिरा पोचतात, याचं वाईट वाटतं.

रोजचा डबाही आणा. स्टीलचा डबा एका हाताने उघडायला गेलं की टेबलभर सरकतो. खाली ओलं फडकं अंथरलं की जागेवर राहतो आणि चांगल्या हाताने झाकण निघतं. शर्टाची बटणं, बॅगेची चेन इथेच करून बघू. उजवा हात अधू झाला असेल तर सही बदललेली असते. बँकेत नवी नमुना सही आधीच द्या.

थकव्याचं मात्र मनावर घ्या. तो दिसत नाही, म्हणून घरच्यांना आळस वाटतो. आठवडाभर दर दोन तासांनी दमणुकीला शून्य ते दहा गुण देऊन लिहून ठेवा. आकडा चढायच्या आधी विश्रांती घ्यायची, चढल्यावर नाही. हिशेबाचं काम सकाळी उरका.

साहेबांकडे मागणी लेखी न्या: सुरुवातीला अर्धा दिवस, तळमजला, गर्दी टळेल अशी वेळ. सरकारी नोकरी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचून जा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं.

रजा संपायच्या आत एकदा कुणाला तरी सोबत घेऊन, दुपारच्या रिकाम्या गाडीने ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन या. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर रुजू व्हायला गुरुवार धरा. दोनच दिवस काम, की लगेच दोन दिवस घरी.