ट्रेमधलं वायफायचं चिन्ह गायब? लगेच री-इन्स्टॉल करू नका

पंचवटीतल्या एका अभ्यासिकेत दोन जीबी रॅमचे चार जुने लॅपटॉप आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं ते वापरतात, म्हणून मी त्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकून ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर लावून दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांतल्या एका मुलाचा फोन आला.

"दादा, एकावर वायफायचं चिन्हच दिसत नाहीये. अॅपलेट परत टाकू का?"

"थांब, काही करू नकोस. खाली घड्याळ दिसतंय का?"

"खाली तर काहीच नाहीये."

बिघाड अॅपलेटमध्ये, म्हणजे ते चिन्ह दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, नव्हताच. ओपनबॉक्स फक्त खिडक्या सांभाळतो. त्याला स्वतःचं पॅनल (पडद्याच्या कडेची पट्टी) नाही, ट्रेही (त्या पट्टीतली चिन्हांची जागा) नाही. नेटवर्कचं अॅपलेट मागे व्यवस्थित चालू होतं, पण त्याचं चिन्ह बसायला जागाच नव्हती. सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो: चिन्ह दिसत नाही म्हणून माणूस अॅपलेट काढतो, टाकतो, पुन्हा काढतो. आधी पॅनल बघा. टिंट-टू हे पॅनल वापरत असाल, तर त्याच्या कॉन्फिग फाइलमधल्या पॅनल आयटम्सच्या ओळीत कॅपिटल 'एस' हे अक्षर असायलाच हवं. ते नसेल तर पॅनल दिसतं, पण ट्रे येत नाही.

मग पॅनल का आलं नाही? लॉगिन होताच काय काय सुरू करायचं, ते ऑटोस्टार्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या मुलाने तिच्यात स्वतः एक ओळ वाढवली होती. वर नेटवर्कचं अॅपलेट, त्याखाली टिंट-टू, आणि वरच्या ओळीच्या शेवटी & हे चिन्ह राहून गेलेलं. ही फाइल म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट, वरून खाली एकेक आज्ञा चालवणारी, आहे. & नसेल तर ती आज्ञा संपेपर्यंत पुढची ओळ सुरूच होत नाही, आणि अॅपलेट तर लॉगआउट होईपर्यंत संपत नाही. टिंट-टूची पाळी आलीच नाही. वॉलपेपरची ओळ त्याच्याही खाली होती, म्हणून पडदाही काळाच. फोनवरच त्याच्याकडून & टाकून घेतलं, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला लावलं, आणि सगळं जागेवर आलं.

दोन ट्रे एकदम लावू नका. एक्स-इलेव्हनमध्ये (लिनक्सवर पडदा हाताळणारी जुनी व्यवस्था) एका स्क्रीनच्या ट्रेचा ताबा एकाच प्रोग्रामकडे असतो. टिंट-टूबरोबर स्टॅलोनट्रे हा स्वतंत्र ट्रेही सुरू केलात, तर चिन्हं एकाकडे जातात आणि दुसरा रिकामा राहतो.

ट्रेमध्ये चिन्ह पाठवण्याची जुनी आणि नवी पद्धत यांची गल्लत तर फारच होते. टिंट-टूचा ट्रे जुन्या एक्स-एम्बेड पद्धतीची चिन्हं दाखवतो. काही नवी अॅप्स फक्त स्टेटस नोटिफायर पद्धतीने चिन्ह पाठवतात. ती टिंट-टूमध्ये दिसणार नाहीत, त्यासाठी मध्ये स्निक्सएम्बेड हा दुभाषा प्रोग्राम चालवावा लागतो. नेटवर्कच्या अॅपलेटला 'इंडिकेटर' हा पर्याय दिला की तेही नव्या पद्धतीने बोलू लागतं, म्हणून टिंट-टूसोबत तो पर्याय नको. एक्स-इलेव्हनच्या जागी आलेल्या वेलँडवर स्वे हा विंडो मॅनेजर आणि वेबार हे पॅनल असेल, तर मात्र तोच पर्याय लागतो.

चिन्हाच्या जागी नुसती मोकळी फट दिसत असेल, तर बहुधा आयकॉन थीम (चिन्हांच्या चित्रांचा संच) नाही. पॅपिरस किंवा अद्वैता टाका. चिन्ह दिसतं, पण कनेक्शन सेव्ह करताना परवानगी नाकारली जाते? परवानग्या तपासणाऱ्या पोलकिटचा, पासवर्ड विचारणारा एजंट चालू नसेल. एलएक्स-पोलकिट हा एजंट ऑटोस्टार्टमध्ये घाला.

बॅटरीच्या अॅपलेटकडे दुर्लक्ष करू नका. वळवाच्या पावसात वीज गेली आणि सराव परीक्षा सुरू असतानाच लॅपटॉप बंद पडला, तर मुलाची तासाभराची मेहनत जाते, आणि ते मला बघवत नाही. सीबॅटिकॉन हे बॅटरीचं अॅपलेट इशारा देतं, पण तो दाखवायला डन्स्टसारखा नोटिफिकेशनचा प्रोग्राम चालू हवा. बॅटरी अगदी संपत आल्यावर काय करायचं, ती आज्ञाही त्याला आधीच देऊन ठेवा.

एवढं करूनही अडलंच, तर चालू असलेलं अॅपलेट बंद करा आणि टर्मिनलमधून त्याच्या नावाने पुन्हा सुरू करा. अडचण काय आहे ते बहुतेक वेळा तिथेच छापून येतं. तो मजकूर जसाच्या तसा कॉपी करून ठेवा आणि मगच कुणाला फोन करा.