विक्रीकर अपील: निकालांचा गठ्ठा नको, एकच न्या पण वाचून न्या

जीएसटी येऊन एवढी वर्षं झाली तरी त्याआधीच्या व्हॅटच्या, म्हणजे राज्याच्या विक्रीकराच्या, जुन्या वर्षांची अपिलं आपल्याकडे अजून निघतायत, आणि चिपळूण काय नि कुडाळ काय, माणूस हिअरिंगला जातो तो झेरॉक्सचा गठ्ठा बगलेत मारून. दुसऱ्यांच्या केसेसमधले कोर्टाचे पंधरा-वीस निकाल, धड वाचलेला एकही नाही. अपील ऐकणारे साहेब ते फाइलला लावून घेतात आणि ऑर्डरमध्ये एक ओळ टाकतात, 'सदर निकालांतील वस्तुस्थिती भिन्न आहे', की झालं. ही ओळ लिहायला त्यांना जागाच ठेवायची नाही, सगळी मेहनत त्यासाठी.

आधी उतरंड बघून घ्या. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा घटनेच्या कलम १४१ मुळे सगळ्यांवर बंधनकारक, मग मुंबई हायकोर्ट, मग विक्रीकर ट्रिब्युनल, आणि त्याखाली पहिलं अपील ऐकणारे साहेब. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय पण ते मुंबई हायकोर्टच, त्यामुळे जुने निकाल तसेच लागू. केरळ हायकोर्टाचा निकाल दाखवता येतो, पण तो इथे बंधनकारक नाही. बास, या भागावर लोक उगाच पानं भरतात.

खरं काम निकाल वाचण्यात आहे. काजूचंच घ्या ना. १९५३ साली शण्मुग विलास कॅश्यू फॅक्टरीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की विकत घेतलेली बी आणि परदेशी पाठवलेला काजूगर हा एकच माल नाही, बी भाजली, फोडली, सोलली की माल बदलतो, म्हणून बीच्या स्थानिक खरेदीला निर्यातीची सूट नाही. विजयालक्ष्मी कॅश्यूच्या केसमध्येही पुढे तेच धरलं. म्हणजे वेंगुर्ल्याचा कारखानदार निर्यातीची सूट मागायला गेला की विक्रीकर खात्याच्या हातात हे दोन निकाल आधीच असणार.

आता दुसरी बाजू बघा. १९८० चा पायो फूड पॅकर्स, हाही सुप्रीम कोर्टाचाच. अननस धुतला, साल आणि मधला दांडा काढला, चकत्या केल्या, साखर घालून डबाबंद केला, तरी कोर्ट म्हणालं हा अननसच आहे. आंब्याच्या फोडी डब्यात भरणारा लगेच खूश होतो की आपलं काम झालं. थांबा जरा. ती केस केरळच्या कायद्याखालची, आणि तिथे प्रश्न होता की अननस दुसरा माल 'उत्पादन' करण्यात वापरला गेला का. आपल्याकडे व्हॅटच्या आधीच्या मुंबई विक्रीकर कायदा १९५९ मध्ये 'उत्पादन' या शब्दाची व्याख्याच ऐसपैस होती, मालावर प्रक्रिया केली किंवा त्यात बदल केला तरी ती लागू होऊ शके. खात्याचा माणूस हुशार असला तर पहिलं बोट इथेच ठेवतो. म्हणून निकाल कुठल्या कायद्यातल्या कुठल्या शब्दावर दिलाय ते आधी बघा, आपल्या वर्षाला आपल्या कायद्यात तो शब्द कसा आहे ते शेजारी ठेवा, आणि मगच तो निकाल उचला.

हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, तर कधीच जाऊ नका. अकोल्याची रामावतार बुधाईप्रसादची १९६१ ची केस सगळे सांगतात, विड्याची पानं म्हणजे भाजी नव्हे, बाजारात लोक ज्याला भाजी म्हणतात तीच भाजी. बरोबर आहे, पण पूर्ण वाचलं तर कळतं की कायद्याच्या यादीत भाजी आणि विड्याची पानं आधी वेगवेगळ्या नोंदींत होती आणि नंतर पानांची नोंद काढून टाकली, त्याचाही आधार कोर्टाने घेतलाय. हा निकाल आमसुलांच्या वादात वापरायचा तर नुसती 'बाजारातली भाषा' म्हणून भागत नाही, तुमची बिलं, घाऊकवाल्याचे ऑर्डरचे कागद, पाकिटावरचं लेबल, हे सगळं जोडा.

मग एक कागद घ्या, मधे उभी रेघ मारा, डावीकडे निकालातली वस्तुस्थिती, उजवीकडे तुमची, प्रत्येक ओळीला कागदाचा पान नंबर. जिथे फरक आहे तिथे तोही लिहा आणि त्याने निकाल का बदलत नाही हे दोन वाक्यांत सांगा, कारण तुम्ही नाही लिहिलंत तर साहेब लिहिणारच आहेत.

'दोन अर्थ निघत असतील तर करदात्याच्या बाजूचा घ्या' हे १९७३ च्या व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या निकालावरून सगळे ठोकतात. सूट मागताना ते वापरू नका हो. २०१८ मध्ये दिलीप कुमार अँड कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ठरवलंय की सुटीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर फायदा सरकारला. असे निकाल बघायला राहिले की पूर्ण युक्तिवाद कोसळतो. नेण्याआधी प्रत्येक निकाल पुढे फिरवला गेलाय का, मोठ्या खंडपीठाने वेगळं सांगितलंय का, हे तपासाच.

आणि 'खात्याने हा निकाल मान्य केलेला नाही, वर अपील आहे' असं ऐकवलं तर सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा कमलाक्षी फायनान्सचा निकाल पुढे करा. केस एक्साइजची (उत्पादन शुल्काची) आहे, पण तत्त्व तेच, वरच्या अधिकाऱ्याचा किंवा ट्रिब्युनलचा आदेश खात्याला पटला नाही म्हणून टाळता येत नाही, स्थगिती असली तर गोष्ट वेगळी.

तो रेघ मारलेला कागद लेखी म्हणणं म्हणून द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. त्यावर एक शब्दही न लिहिता ऑर्डर आली तर ट्रिब्युनलच्या अपिलात पहिला मुद्दा हाच, आणि ६० दिवसांची मुदत ऑर्डर हातात पडल्यापासून मोजायला लागा.